संकरित अजगर : जोडी लावण्याआधी, जोडी लावताना आणि पिल्ले हाती आल्यावर

संकर हा शब्द आपल्याकडे शेतीतून आणि गोठ्यातून घराघरांत पोहोचला. संकरित ज्वारी आली, संकरित गाई आल्या, आणि एखाद्या गाईत विदेशी रक्त पन्नास टक्के आहे की साडेबासष्ट, याची नोंद ठेवायला शेतकरीही शिकला. अजगरांच्या संकराबद्दल लिहायला बसलो की मला नेहमी ती टक्केवारी आठवते. या विषयावरून साप पाळणाऱ्यांमध्ये गेली कित्येक वर्षे जो कडवट वाद चालला आहे, त्याचे मूळ संकर करण्यात तितकेसे नसून केलेल्या संकराची नोंद न ठेवण्यात आहे, असे माझे मत झाले आहे, आणि पुढे सांगितलेली पद्धत त्याच मतावर आधारलेली आहे.

आधी कायदा. हे मार्गदर्शन परदेशात राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्याच्या चौकटीत अजगर पाळणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात हा प्रयोग करू नये. आपला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे किंवा घरी ठेवणे हा तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि सर्पमित्राने सोडवून आणलेला अजगरही वन विभागाच्या स्वाधीन करावा लागतो. बॉल पायथॉन या आफ्रिकेतल्या लहान अजगरासारख्या परदेशी प्रजातीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कक्षेत आल्या असून, २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे, हस्तांतर आणि पिल्लांचा जन्म कळवणे बंधनकारक आहे. अमेरिकेत ‘लेसी ॲक्ट’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या कायद्याखाली २०१२ मध्ये बर्मी, भारतीय आणि आफ्रिकेतले दोन मोठे अजगर, तर २०१५ मध्ये जाळीदार अजगर घातक प्रजातींच्या यादीत घातले गेले, आणि त्या नियमात या प्रजातींचे संकरही स्पष्ट शब्दांत धरलेले आहेत. म्हणजे बर्मी आणि जाळीदार अजगराचा ‘बॅटईटर’ नावाने ओळखला जाणारा संकर, किंवा बर्मी आणि बॉल पायथॉनचा ‘बर्मबॉल’, हे कितीही देखणे असले तरी देशाबाहेरून आणता येत नाहीत, आणि राज्याराज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात. म्हणून मी इथे उदाहरण घेतले आहे ते ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतल्या कार्पेट पायथॉन आणि ग्रीन ट्री पायथॉन यांच्या संकराचे, ज्याला पाळणारे ‘कार्पॉन्ड्रो’ म्हणतात. ग्रीन ट्री पायथॉनचे जुने शास्त्रीय नाव ‘कॉन्ड्रोपायथॉन’ होते. त्याचाच तुकडा या नावात राहिला आहे.

संकर नेमका कशाला म्हणायचे

इथे बराच गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियातला डायमंड पायथॉन आणि किनारी कार्पेट पायथॉन या एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजाती मानल्या जातात, आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनारपट्टीवर, जिथे दोघांचे प्रदेश एकमेकांना भिडतात, तिथे दोघांच्या मधल्या रूपाचे अजगर निसर्गतःच आढळतात. याला मी संकर म्हणणार नाही. उलट कार्पेट आणि ग्रीन ट्री या ‘मोरेलिया’ या एकाच वंशातल्या, पण वेगळ्या प्रजाती आहेत, त्यामुळे त्यांची पिल्ले संकरित होत. त्याहून दूरचे, वंशच वेगळे असलेले संकरही बंदिवासात झाले आहेत. कार्पेट आणि बॉल पायथॉनची पिल्ले हे त्याचे उदाहरण. रंगांचे जे अनेक ‘मॉर्फ’ विकले जातात, ते मात्र एकाच प्रजातीतले जनुकीय बदल असतात आणि त्यांचा संकराशी संबंध नाही.

ही सीमारेषा स्वतः शास्त्रज्ञांनीही हलवली आहे, हे ध्यानात ठेवावे. भारतीय आणि बर्मी अजगर बराच काळ एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजाती म्हणून गणले जात होते. २००९ मध्ये बर्मी अजगराला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. त्याआधी ज्यांनी या दोघांची जोडी लावली, त्यांना आपण संकर करत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. त्याचे पडसाद पुढे फ्लोरिडात उमटले. दक्षिण फ्लोरिडाच्या ‘एव्हरग्लेड्स’ या दलदलीत आणि आसपास पसरलेल्या सुमारे ४०० बर्मी अजगरांची जनुकीय तपासणी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी केली, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निदान १३ अजगरांमध्ये भारतीय अजगराची खूण सापडली. हे मिश्रण बहुधा साप रानात पसरण्याआधीच झाले असावे, असे त्यांचे अनुमान होते. ते तेरा साप दिसायला बर्मीच होते. आपल्या नदीनाल्यांच्या काठी, सायाळीच्या बिळांत राहणाऱ्या अजगराचा अंश एव्हरग्लेड्समध्ये कुणाच्या लक्षातही न येता वाहत होता, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

वादातले खरे मुद्दे

संकराला विरोध करणारे म्हणतात की त्यामुळे शुद्ध वंश बिघडतात. बाजू घेणारे म्हणतात की पिंजऱ्यातला साप रानात जाणारच नाही, मग शुद्धतेचा आग्रह कशासाठी? मला दोन्हींत तथ्य वाटते, पण दोन्ही अपुरी वाटतात. घरी पाळलेल्या बहुतेक कार्पेट पायथॉनचे मूळ गाव कोणालाच ठाऊक नसते. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इतर देशांत जे काही आहे ते जुन्या साठ्यातून वाढवलेले किंवा न्यू गिनीतून आलेले आहे. असे साप संवर्धनासाठी राखीव ठेवा आहेत, हे म्हणणे मला पटत नाही. पण ‘मग काहीही करा’ हेही पटत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे.

पहिल्या पिढीचा कार्पॉन्ड्रो निम्मा कार्पेट असतो आणि तो बहुधा ओळखू येतो. त्याची जोडी पुन्हा कार्पेटशी लावली की पिल्लांत सरासरी ७५ टक्के कार्पेट, त्यापुढे ८७.५, त्यापुढे ९३.७५. तिसऱ्या-चौथ्या पिढीतला साप कोणीही कार्पेट म्हणूनच विकेल, आणि विकणारा खोटे बोलतो आहे असेही म्हणता येणार नाही, कारण त्याला ते माहीतच नसेल. विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारानेही जवळपास तेवढ्याच अंतरापर्यंत मागे पाहिले आहे: मागच्या चार पिढ्यांत यादीतल्या प्रजातीचा पूर्वज असेल, तर संकरित प्राण्यालाही त्या प्रजातीचेच नियम लागू होतात. सगळे अजगर या यादीत आहेत, आणि भारतीय अजगर तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात. नोंद नसेल तर पुढच्या मालकाला परवाना कोणत्या आधारावर मागायचा, हेच कळणार नाही.

तिसरा मुद्दा प्राण्याच्या हिताचा. ‘संकरित म्हणून दुबळा’ किंवा ‘संकरित म्हणून सशक्त’ ही दोन्ही विधाने सरसकट खरी नाहीत. ‘जॅग’ नावाच्या कार्पेट मॉर्फमध्ये डोके तिरके होणे, मान पिळवटणे, झेप चुकणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात, आणि दोन जॅग एकत्र आणले तर दोन्हींकडून ते जनुक मिळालेली पिल्ले जगत नाहीत. असा जॅग ग्रीन ट्रीशी जोडून ‘जॅगपॉन्ड्रो’ काढला आणि त्याची मान पिळवटू लागली, की लोक दोष संकराला देतात. तो दोष जॅगच्या जनुकाचा असतो. म्हणून माझा पहिला नियम असा की संकरासाठी जॅग वापरायचाच नाही, मग त्याचे रंग कितीही मोहक असोत.

जोडी निवडणे

आकार, आहार आणि स्वभाव या तिन्हींत फार अंतर नसलेले साप निवडावेत. मध्य ऑस्ट्रेलियातला वोमा हा अजगर इतर सरपटणारे प्राणी, साप धरून, खातो. त्याला बॉल पायथॉनच्या डब्यात सोडणारे लोक आहेत, आणि पिल्लेही निघाली आहेत, पण मी तसे करणार नाही. शिवाय वोमाच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे नसतात आणि बॉल पायथॉनच्या ओठांवर ते ठळक असतात. इतकी वेगळी दोन शरीरे एकत्र आणताना पिल्लाला काय मिळेल, याचा विचार विक्रीच्या दराआधी व्हायला हवा.

आपल्या उदाहरणात मादी कार्पेटची घ्यावी आणि नर ग्रीन ट्रीचा. ग्रीन ट्रीची मादी ताण लवकर घेते, तिच्यात अंडी अडकण्याचा किंवा गुदद्वाराचा भाग बाहेर येण्याचा धोका असतो. कार्पेटची मादी काटक असते. त्यातही आकाराने आटोपशीर असलेल्या न्यू गिनीच्या, म्हणजे बाजारात ‘इरियन जया’ नावाने मिळणाऱ्या कार्पेटची मादी बरी. ती किमान चार वर्षांची, अंगाने भरलेली पण थुलथुलीत नसलेली असावी. कण्याचा कंगोरा बोटाला लागत असेल, तर त्या वर्षी तिची वीण घेऊ नये.

दोन्ही साप एकमेकांच्या हवेतही येण्याआधी निदान ९० दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत, आणि पशुवैद्याकडून तोंडातल्या स्रावाची निडोव्हायरससाठी तपासणी करून घ्यावी. हा विषाणू बॉल पायथॉन आणि ग्रीन ट्री पायथॉन दोघांतही श्वसनाचा जीवघेणा आजार घडवतो. संकर करणारा माणूस वेगवेगळ्या संग्रहांतले साप एकत्र आणत असतो, त्यामुळे त्याच्यावर ही जबाबदारी इतरांपेक्षा जास्त येते.

यापुढची गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एक तरणीताठी कार्पेट मादी विकत घेतली, हिवाळ्यात तिच्याजवळ ग्रीन ट्री नर सोडला, दोघे दोन रात्री एकत्र गुंफलेले पाहिले, आणि वसंतात तिने चौदा अंडी घातली. त्यांतून बारा पिल्ले निघाली. रंग पालटेल म्हणून मी वर्षभर वाट पाहिली. तपकिरी पट्टे जसे होते तसेच राहिले, हिरव्याचा मागमूस नाही. मग आधीच्या मालकाला विचारले तेव्हा कळले की विक्रीच्या आधीच्याच हंगामात ती एका कार्पेट नराबरोबर होती. अजगराची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. ती बारा पिल्ले संकरित नव्हती, आणि मी मात्र वर्षभर त्यांच्या डब्यांवर ‘कार्पॉन्ड्रो’ लिहून ठेवले होते. त्यांतली दोन मित्रांना देऊन झाली होती. ती चिठ्ठी बदलायला मी दोघांच्या घरी जाऊन आलो.

म्हणून मादी लहानपणापासून आपल्याकडे एकटी वाढलेली असावी, किंवा नराशिवाय निदान दोन पूर्ण हंगाम गेलेली असावी. तरीही एक शक्यता उरते. अजगरांच्या माद्या क्वचित नराशिवायही पिल्ले देतात. ॲमस्टरडॅमच्या आर्टिस प्राणिसंग्रहालयातल्या बर्मी मादीत हे आढळले, आणि अमेरिकेतल्या लुइव्हिल प्राणिसंग्रहालयात जाळीदार अजगराच्या मादीने २०१२ मध्ये ६१ अंडी घातली, त्यांतून सहा पिल्ले निघाली आणि सहाही माद्याच होत्या. आपल्या जोडीची थोडीच पिल्ले निघाली, सगळ्या माद्या निघाल्या आणि सगळ्या आईसारख्याच दिसल्या, तर जनुकीय चाचणी होईपर्यंत त्यांना संकरित म्हणू नये.

हिवाळा ते अंडी

कामाचा हा भाग संकराचा असो वा शुद्ध वंशाचा, सारखाच असतो. हिवाळ्यात साधारण दोन महिने रात्रीचे तापमान हळूहळू २१ ते २२ अंशांपर्यंत उतरवावे आणि दिवसा उबेच्या जागी २९ ते ३० अंश मिळू द्यावेत. पोटात अन्न असताना साप थंड करू नये. शेवटच्या खाण्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. नराला मादीच्या डब्यात सोडावे, आणि पहिल्या वेळी तिथून हलू नये. ग्रीन ट्री आडव्या फांदीवर वेटोळे घालून बसतो, कार्पेट जमिनीवरही वावरते, म्हणून दोघांना भेटायला एक जाड आडवी काठी आणि एक सपाट फळी असे दोन्ही द्यावे. मादी फणा नसलेली असली तरी मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे ओढून नराकडे रोखून पाहू लागली, तर नराला लगेच बाहेर काढावे. दोन-तीन दिवस एकत्र, मग चार-पाच दिवस वेगळे, असा क्रम ठेवावा.

मादीच्या शरीराचा मधला भाग एखाद्या दिवशी मोठी शिकार गिळल्यासारखा फुगलेला दिसतो. तो दिवस लिहून ठेवावा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते आणि कातीनंतर साधारण तीन ते चार आठवड्यांनी अंडी घालते. ओलसर शेवाळ भरलेली पेटी कातीच्या आधीच ठेवून द्यावी.

मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली असते. तिला हलक्या हाताने उलगडून अंडी काढताना प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर साध्या पेन्सिलने एक ठिपका द्यावा, आणि इनक्युबेटरमध्ये ठेवताना तो ठिपका वरच राहील हे पाहावे. आत तरंगणारा गर्भ काही तासांतच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. नंतर अंडे उलटे झाले तर तो गुदमरतो. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवण्याचा प्रयत्न करू नये. व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज) आणि पाणी वजनाने सारखे घेऊन मळावे. मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. तापमान ३०.५ ते ३१ अंश, हवा दमट, मात्र झाकणावर साठलेले पाणी अंड्यांवर टपकता कामा नये. पन्नास ते साठ दिवसांत अंडी किंचित पिचकतात आणि मग एका सकाळी कवचावर ब्लेडने ओढल्यासारखी चीर दिसते. पिल्लू त्या चिरेतून नुसते नाक काढून एखादा दिवस तसेच बसते. त्याला ओढून काढू नये.

पिल्ले हाती आल्यावर

पिल्ले विकत घेणारे कोण आणि किती, याचा विचार अंडी उबवण्याआधीच झालेला असावा. पंधरा पिल्ले आणि प्रत्येकाचे वीस वर्षांचे आयुष्य धरले, तर एका विणीतून तीनशे वर्षांचे संगोपन जन्माला येते. सगळी खपली नाहीत तर सगळी ठेवायची तयारी आणि जागा नसेल, तर जोडी लावू नये. किंवा मोजकीच अंडी उबवून बाकीची पहिल्या दोन-तीन दिवसांतच गोठवून टाकावीत. हा निर्णय कठोर वाटतो, पण न खपलेला संकरित साप चार हात फिरून कुठल्या तरी ओढ्याकाठी सोडला जाणे त्याहून वाईट आहे. फ्लोरिडात काय झाले ते समोर आहे: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अजगर पसरल्यावर एव्हरग्लेड्सच्या काही भागांत रॅकून हा लहान सस्तन प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्क्यांनी आणि बॉबकॅट या रानमांजराचे ८७.५ टक्क्यांनी घटले होते. तिथे अजगर शोधायला २०१७ मध्ये तमिळनाडूतले इरुळा समाजाचे माग काढणारे बोलावले गेले होते.

पहिली कात दोन आठवड्यांच्या आत पडते, आणि त्यानंतर खायला द्यावे. बापाच्या वळणावर गेलेली पिल्ले झाडावर बसूनच शिकार घेतात, त्यामुळे बोटाएवढी जाड काठी डब्यात आडवी लावून, उंदराचे गरम केलेले पिल्लू चिमट्याने तोंडासमोर धरावे लागते. काही पिल्ले जमिनीवरूनही घेतात. कोणते पिल्लू कसे खाते, हेही लिहावे. संकराबद्दल सांगण्यासारखे त्यातून पुष्कळ मिळते, आणि रंगाच्या फोटोंपेक्षा ते पुढच्या मालकाच्या जास्त उपयोगाचे असते.

प्रत्येक पिल्लाचे पहिल्या कातीनंतर, सहा महिन्यांनी आणि वर्षाने डोके, कूस आणि पोट असे तीन फोटो काढावेत. शक्य असल्यास कातीचा तुकडा कोरडा करून कागदी पाकिटात ठेवावा; पुढे कधी वंशाचा प्रश्न निघाला तर चाचणीला तो उपयोगी पडतो. आणि प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी असावी. माझ्या चिठ्ठीवर असे असते: आई, कार्पेट, इरियन जया, क्रमांक ३, कुणाकडून कधी घेतली, बाप, ग्रीन ट्री, क्रमांक १, कुणाकडून कधी घेतला, पिढी पहिली, प्रमाण ५० : ५०, अंडी घातल्याची आणि फुटल्याची तारीख, चाचणी झाली की नाही. टोपणनाव सर्वांत शेवटी, लहान अक्षरांत. चाचणी झालेली नसेल तर ‘संकरित’ या शब्दापुढे ‘समजून’ असे लिहितो.

विकताना या चिठ्ठीची एक प्रत घेणाऱ्याच्या हातात देतो, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेऊन ती माझ्या वहीत चिकटवतो, आणि पुढे या सापाची पिल्ले काढलीत तर त्यांच्या चिठ्ठीवर ही टक्केवारी उतरवा, असे त्याला तोंडाने सांगतो. चिठ्ठी नको, नुसता साप द्या, असे म्हणणारे दोघे आजवर भेटले. दोन्ही वेळा मी डबा उचलून परत रॅकवर ठेवला.